भाई, भरती-ओहोटीच्या वहीसाठी मनापासून आभार

नमस्कार भाई,

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात त्याला आता तीन महिने होतील. फोनवर दोन-तीनदा बोललो पण जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण पोरांनी इंटरनेटवर सायन्स शिकायचं तर नेमकं काय बघायचं हे आमच्या गोव्यातल्या पेडण्यात कितीतरी आयांना कळत नाही, आणि मला ते तुमच्यामुळे कळलं.

सुरुवात तुम्हाला आठवत असेलच. आमची लेक आठवीत, आजोबांबरोबर खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, गेली होती. भरतीचं पाणी आलं की मानशीचं दार त्याच्या जोराने आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं, हे आमच्या गावात, आगरवाड्यात, लहानथोर सगळ्यांना माहीत. हिने विचारलं, चंद्र एकच आहे ना, मग दार दिवसातून दोनदा का बंद होतं? आजोबा म्हणाले तसंच असतं. मलाही सांगता येईना, म्हणून रात्री आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो. तासभर बघितलं. एका व्हिडिओत नुसतं म्युझिक आणि सबस्क्राइब करा, एकात चंद्र पाणी वर ओढतो एवढंच, म्हणजे दुसरी भरती कुठून आली ते नाहीच, आणि एकात तर माणसाच्या अंगात सत्तर टक्के पाणी असतं म्हणून पौर्णिमेला आपल्या अंगातही भरती येते असं ठासून सांगितलेलं. तो शेवटचा तिला इतका पटला की वहीत उतरवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन तुमच्याकडे आली.

तुम्ही चूक आहे असं म्हणालातच नाही. एवढंच विचारलंत, "तुमच्या पाण्याच्या टाकीला भरती येते काय गो?" दोन दिवस ती टाकीवर कोळशाची रेघ मारून बघत बसली. नाही आली. मग तुम्ही अंगणात तिला समजावलंत, मी बाजूला तांदूळ निवडत ऐकत होते. चंद्राच्या बाजूचं पाणी जवळ म्हणून जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी, पलीकडचं पाणी सगळ्यात कमी, म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, आणि हा सगळा खेळ ओढीतल्या फरकाचा. तो फरक दिसायला हजारो किलोमीटरचा समुद्र लागतो, टाकी किंवा माणूस एवढंसंच, त्याच्या ह्या टोकाला आणि त्या टोकाला ओढ जवळपास सारखीच. तिने त्या पानावर स्वतःच काट मारली.

त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते मी फ्रिजवर लिहून लावलंय. कुठलंही पान उघडलं की बघायचं, हे ह्यांना कसं कळलं ते सांगतायत का, लिहिणारा कोण आहे ते दिसतंय का, आणि आपल्याला घरी काही करून पडताळता येईल का. तिन्हीला नाही असेल तर बंद करायचं, कितीही लाखांनी बघितलेलं असूदे.

मग तुम्ही जे दाखवलंत त्याचं मोल मला हळूहळू कळलं. आमच्याकडे पोरं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश, त्यामुळे हिला शब्द पाठ व्हायचे पण डोळ्यासमोर काही उभं राहायचं नाही. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे हेच मला माहीत नव्हतं. तिने भरती-ओहोटीची नोंद तिथे आधी मराठीत वाचली आणि मग अमेरिकेतल्या नोआ ह्या सरकारी संस्थेचे भरतीवरचे धडे इंग्लिशमधून वाचले, तर म्हणाली आई हे तर सोपं आहे. फेट सिम्युलेशनचंही तेच, म्हणजे कॉम्प्युटरवर स्वतः करून बघायचे सायन्सचे प्रयोग. कार्ल वायमन ह्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं, आणि त्यातलं बरंचसं मराठीतही आहे. आमच्याकडे पावसात नेट जातं म्हणून तुम्ही काही सिम्युलेशन लॅपटॉपवर डाउनलोड करून दिलीत, ती नेट नसतानाही चालतात, चंद्र जड केला, लांब नेला, की कक्षेचं काय होतं ते ती तासनतास करून बघते.

आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून सायन्स शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची वेबसाइट! तिथली मराठी पुस्तकं, खेळणी, सगळं फुकट. सेल, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि तांब्याची तार ह्यांची मोटर तिने केली, पहिल्यांदा फिरलीच नाही, रडकुंडीला आली. तारेच्या टोकांवरचं सगळं व्हार्निश खरवडलं होतं. एका बाजूचं ठेवायचं असतं म्हणजे अर्ध्या फेरीत करंट तुटतो आणि वेटोळं उलटं ओढलं जात नाही. हे तुम्ही सांगितलं नाहीत, व्हिडिओ परत बघ म्हणालात, आणि तिला स्वतःला सापडलं तेव्हा ती पूर्ण वाडाभर सांगत फिरली.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ती बांबूची काठी. मानशीबाहेर रोवून, खुणा करून पंधरा दिवस तुम्ही तिला रोज भरतीची वेळ लिहायला लावलीत. चंद्र पुढे सरकतो म्हणून 24 तास 50 मिनिटांनी तीच भरती परत येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, असं पुस्तकात आहे. हिच्या वहीत अमावास्येच्या आसपास रोजचा उशीर कमी आणि अष्टमीच्या सुमाराला तासावर. तिला वाटलं आपलं चुकलं. तुम्ही म्हणालात चुकलेलं नाही, सूर्याचाही जोर आहे, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, तो वेळ मागेपुढे करतो. मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी आमची वेळ जुळेना तेव्हाही तुम्ही घाई केली नाहीत, समुद्रातून शापोरा नदीत पाणी वर चढायला वेळ लागतो हे तिने स्वतः सांगेपर्यंत थांबलात. मांडवी-झुवारी नद्यांतल्या भरतीवर दोनापावलाच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या) शास्त्रज्ञांनी केलेलं काम त्यांच्याच संग्रहात फुकट वाचता येतं, त्यातला एक आलेख दाखवून तुम्ही म्हणालात, तुझ्या वहीत आहे तेच हे. तो तिचा चेहरा मी विसरणार नाही.

भाई, तुम्ही ह्या सगळ्याचे ना पैसे घेतलेत ना कधी घड्याळ बघितलंत. संध्याकाळी तुमच्या सोप्यावर पोरगी बसायची आणि तुम्ही तिच्यापेक्षा जास्त उत्साहात असायचात. देव तुम्हाला बरं ठेवो.

पावसात काठी वाहून गेली. आजोबांनी नवीन बांबू तोडून ठेवलाय, गणेश चवथ झाली की रोवू. हिला आता दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या का नसतात ते मोजायचंय, चंद्र विषुववृत्ताच्या वर-खाली जातो म्हणून हे तिने वाचलंय पण म्हणते महिनाभर मोजल्याशिवाय मानणार नाही. चवथीला गावी याल तेव्हा वही दाखवायला ती तुमच्या दारात उभी असेल.

तुमची,
आगरवाड्यातली शेजारीण