शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: ‘तो केअर करतो, मॅडम’

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत समुपदेशक आहे. शाळकरी मुलामुलींच्या प्रेमाच्या नात्यातल्या हिंसेबद्दल लिहिते आहे. मागच्या सत्रात नववीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन सारखा थरथरायचा. दर वेळी ती तो उचलायची, खोलीचा फोटो काढून पाठवायची आणि पुन्हा पालथा ठेवायची. कोणाला, असं विचारल्यावर म्हणाली, “तो खूप केअर करतो, मॅडम.” मनगटावर बोटांचे वळ होते. “माझंच चुकलं. रिप्लाय उशिरा दिला.”

घरच्यांना कळवणं, दोघांना वेगळं ठेवणं हे सगळं झालं. मग मुलाशी बोलले. “ऑनलाइन होती, तरी उत्तर नाही. म्हणजे मुद्दामच.” अभ्यास, आई, झोप, कंटाळा, यातलं काहीही त्याच्या मनात आलं नव्हतं. साध्या वागण्यातही वाईट हेतूच दिसणं ही सवय आक्रमक मुलांत जास्त आढळते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. पुढे तो म्हणाला, “तिनेच हात उचलायला लावला. मी फक्त समजावत होतो.” दोष तिचा आणि मारण्याला नाव ‘समजावणं’. स्वतःच्या मनाला अशी सूट मिळाली की टोचणी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी या पळवाटा तपशिलात मांडल्या आहेत. चौदा वर्षांच्या पोराला त्या न वाचता तोंडपाठ असतात.

मुलीही यातून सुटलेल्या नाहीत. मुलीने मुलाच्या कानाखाली मारली की वर्ग हसतो, कधीकधी शिक्षकही. ‘तिचा हात कितीसा लागणार!’ जबर इजा आणि दहशत मुलींच्याच वाट्याला जास्त येते, हे खरंच. पण मारणं चालतं, हा धडा त्या हसण्यातून दोघांनाही मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जोडीदार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. यावर शाळांमध्ये होतं काय, तर वर्षातून एकदा सभागृहात व्याख्यान. मागच्या रांगा खिदळतात, पुढच्या माना खाली घालतात, अहवालात फोटो लागतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९९४ मध्ये अशी हिंसा रोखण्यासाठीच्या ‘सेफ डेट्स’ या शालेय कार्यक्रमाची चाचणी झाली. आठवी-नववीच्या मुलांसाठी दहा तास, एक नाटक, पोस्टर स्पर्धा. भर होता तो नात्यात काय चालतं आणि काय नाही, याविषयीचे समज बदलण्यावर. चार वर्षांनंतरही त्या मुलांमध्ये हिंसा कमी आढळली. पण नुसत्या तासांवर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ हा असाच कार्यक्रम राबवताना केवळ वर्गातल्या धड्यांनी फारसा फरक पडला नाही. मुलांनीच इमारतीतल्या असुरक्षित जागा नकाशावर दाखवल्या, तिथे मोठ्यांचं लक्ष राहू लागलं, तेव्हा पडला.

म्हणून मागणी एवढीच: व्याख्यान बंद करा. आठवीच्या वेळापत्रकात या विषयाचे दहा तास द्या, आणि पहिलं प्रशिक्षण शिक्षकांना. ‘या वयात असले धंदे कशाला?’ हे वाक्य शिक्षकखोलीतच सर्वांत जास्त ऐकू येतं. ते ऐकलेली मुलगी पुन्हा कोणाकडे जात नाही.

त्या मुलाला मी एक वही दिली आहे. कोणाचंही उत्तर आलं नाही की तीन कारणं लिहायची. पहिला आठवडाभर तिन्ही ओळींत ‘मुद्दाम’च होतं. परवाच्या सोमवारी तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘झोपला असेल.’

आपली,
एक शालेय समुपदेशक