शेत त्यांचं आहे

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. तुमच्या चर्चच्या मंडळीने कॅरिबियन बेटांवरच्या हैती देशातल्या त्या डोंगरी गावच्या शाळेसाठी एवढे कपडे, बूट गोळा केले, खोकी भरली, आणि तिथल्या पाळकसाहेबांनी कळवलं की कपडे नकोत, शिक्षकांचे पगार थकलेत, तेवढं बघा. तुला ते लागलं. पण बाळा, पाळकसाहेबांचं बरोबर आहे.

1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, रेशनला यायचा. त्याची भाकरी थापतानाच चिरायची, आजी ती दोन्ही हातांनी सांभाळत तव्यावर टाकायची. त्या मिलोने आम्हाला जगवलं, हे मी विसरत नाही. पण तुम्हाला काय हवं, असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोंनी. 1970 मध्ये ते दवाखाना काढायला आले. लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोटाचं बघा. त्यांनी ऐकलं. बोअर घेतले, आणि हातपंप दलित वस्तीत बसवले. मग सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागलं.

हैतीतही असंच एक गाव आहे, कांज. 1956 मध्ये पेलिग्रचं धरण झालं, नदीकाठची काळी जमीन पाण्यात गेली आणि धरणग्रस्त माणसं उघड्या टेकडीवर चढून बसली. समोर एवढा जलाशय, पण प्यायचं पाणी खाली दरीतल्या झऱ्यावर. बायका-पोरं डोक्यावरून ते वर आणायची. तिथले फादर फ्रित्झ लाफोंताँ हैतीचेच, एपिस्कोपल चर्चचे. त्यांनी त्या लोकांसाठी शाळा काढली. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या एपिस्कोपल मंडळींनी त्यांना साथ दिली आणि 1980 च्या दशकात झऱ्याचं पाणी टेकडीवर चढवलं. गरिबांसाठी दवाखाने चालवणारे अमेरिकन डॉ. पॉल फार्मर यांचं काम वाढलं तेही तिथेच, आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार करून. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की गावची नड ओळखणारा माणूस तिथला होता.

उलटं झालं की काय होतं, तेही हैतीतच बघ. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात काळं, काटक गावठी डुक्कर असायचं. उष्टंखरकटं, कंदमुळं खाऊन वाढायचं. आपल्याकडे शेळी, तसं ते. पोराची फी भरायची वेळ आली की विकायचं. तुझ्या बारावीला आपण दोन शेळ्या विकल्या, आठवतं ना? 1980 च्या सुमारास डुकरांमध्ये साथ आली आणि अमेरिकेच्या पुढाकाराने जवळजवळ सगळी गावठी डुकरं मारली. बदल्यात अमेरिकेतली डुकरं दिली. त्यांना विकतचं खाद्य, चांगलं छप्पर, स्वच्छ पाणी लागायचं. लोक त्यांना चार पायांचे राजपुत्र म्हणायचे. घरोघरची फी त्या वर्षांत बुडाली. आणि तिथे बहुतेक शाळा सरकारी नाहीत, चर्चच्या नाहीतर खाजगी आहेत. फी नाही तर शाळा नाही.

म्हणून पगाराचं मी एवढं धरून बसले आहे. मी तीस वर्षं खेड्यात शिकवलंय. महिनोन् महिने पगार नसेल तर मास्तर दुसरीकडे काम शोधतो, आणि वर्ग तसाच बसून राहतो. शिवाय तिथली पोरं घरी क्रेयोल बोलतात, शाळेत पुस्तक मात्र बरेचदा फ्रेंच. क्रेयोलला 1987 च्या राज्यघटनेने फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान दिला, पण पहिलीच्या पोराला धडा आपल्या बोलीत उलगडून सांगणारं माणूस गावातलंच हवं. बुटांच्या खोक्यांतून ते जाणार नाही. हल्ली टोळ्यांच्या धुमाकुळामुळे तुम्हाला जाता येत नाही, तर शाळा उघडी ठेवणारे तेच शिक्षक आहेत.

तिकडे शेजारीपाजारी मिळून एकेकाचं शेत करतात, ज्याचं शेत तो जेवू घालतो. ते त्याला कोंबित म्हणतात. आपली इर्जिकच की! तुझ्या आजोबांच्या इर्जिकीला बारा-बारा नांगर यायचे. पण पेरायचं काय, ते आजोबाच सांगायचे.

रविवारी उपासनेनंतर तुमच्या कमिटीत हे मांड. खोकी तुमच्याकडच्याच एखाद्या आश्रमाला द्या. आणि पाळकसाहेबांना तूच पत्र लिही, रागाचा शब्दही नको.

नाताळला येशील तेव्हा कपाटातलं पाकीट घेऊन जा. माझ्या पेन्शनचे पैसे आहेत. कशासाठी ते मी वर लिहिलेलं नाही, ते त्यांनाच विचार.

तुझी,
आई