ग्राफीन ऑक्साइड रिड्यूस करायला हायड्राझिनच कशाला?

संपादक महोदय,

विज्ञान पुरवणीतला ग्राफीनवरचा (म्हणजे एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या जाळीवरचा) लेख वाचला, आवडला, पण ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढला, म्हणजे ते रिड्यूस केलं, की ग्राफीन तयार, असं एका ओळीत उरकलंय ते खटकलं. सगळी मेख तर तिथेच आहे.

2007 मध्ये रुऑफ या शास्त्रज्ञांच्या ग्रुपने हायड्राझिन या नायट्रोजनयुक्त रसायनाने रिड्यूस करायची पद्धत नीट मांडली आणि तेव्हापासून जो तो हायड्राझिनच्याच मागे. काम होतं त्याने, वाद नाही. पण ते विषारी आहे, कॅन्सरचा धोका आहे, शिवाय थोडा नायट्रोजन कार्बनच्या जाळीत शिरतो तो शिरतोच. सोडियम बोरोहायड्राइड घ्यावं तर ते पाण्यात हळूहळू फुटत जातं आणि कार्बोनिलचं (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेल्या ऑक्सिजनच्या गटाचं) अल्कोहोल करून ठेवतं, म्हणजे ऑक्सिजन तिथेच. हायड्रोआयोडिक अ‍ॅसिड पातळ फिल्मसाठी उत्तम, पण हाताळायला महाभयंकर.

मग व्हिटॅमिन सी (रासायनिक नाव एस्कॉर्बिक अ‍ॅसिड) का नको? 2010 मध्येच दाखवून झालंय की त्याचा रिझल्ट हायड्राझिनच्या जवळपास येतो. ग्राफीन ऑक्साइडचं पिवळट तपकिरी पाणी घ्यायचं, थोडा अमोनिया घालून पीएच 9-10 ला आणायचा, एस्कॉर्बिक अ‍ॅसिड टाकून 95 अंशांच्या आसपास तापवायचं, डोळ्यांसमोर काळं होत जातं. अमोनिया विसरलात तर गुठळ्या होऊन सगळं तळाशी बसतं. धुवायला जरा वेळ लागतो हे खरं, पण मागे उरतं ते मुख्यतः व्हिटॅमिन सीचंच ऑक्सिडाइज झालेलं रूप, डिहायड्रोएस्कॉर्बिक अ‍ॅसिड, त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि काहीही वापरलं तरी अस्सल ग्राफीन हाती येत नाहीच, हे वाचकांना सांगायला हवं होतं. ग्राफीन ऑक्साइड मिळवायला हमर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या 1958 च्या पद्धतीने परमँगनेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडात ग्राफाइट ऑक्सिडाइज करताना काही कार्बन थेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, जाळीला भोकं पडतात, ती कुठलाही रिड्यूसर बुजवत नाही, थोडा ऑक्सिजनही चिकटून राहतो, म्हणून वीज वाहून नेण्यात हा माल ग्राफाइटवरून सोलून काढलेल्या ग्राफीनच्या पुढे फिका पडतो. कंडक्टिव्ह शाई, सुपरकपॅसिटर (वीज साठवणारं साधन) वगैरेंना तो चालतो, स्वस्तात भरपूर बनतो, हेही तितकंच खरं.

पुढच्या लेखात कृपया एवढं सविस्तर द्या. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये जे शिकवतात त्यांना कळकळीची विनंती, जिथे व्हिटॅमिन सीने भागतं तिथे पोरांच्या हातात हायड्राझिनची बाटली देऊ नका.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक