लिनक्सचे पुस्तक घेताना साल कुठले पाहता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने संगणक भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, असा सल्ला आपल्या पुरवणीतील लेखात होता. सल्ला रास्त आहे. पण शिकायला पुस्तके आणि वेबसाइट भरपूर आहेत, एवढे सांगून लेखकाने हात झटकले. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि आमची अडचण नेमकी तिथून सुरू होते. भरपूर आहे खरेच, पण त्यातले घ्यायचे काय?

अलीकडे विक्रेत्याने पाहायला पाठवलेल्या गठ्ठ्यात एक जाडजूड पुस्तक होते. आतल्या पानावर ठळक अक्षरांत पुनर्मुद्रण २०२३. त्याखाली बारीक टाइपात पहिली आवृत्ती २०१२. दुसऱ्या आवृत्तीचा पत्ताच नाही, म्हणजे अकरा वर्षे तोच मजकूर छापला जातो आहे. चित्रे सगळी युनिटी डेस्कटॉपची, म्हणजे पडद्याच्या त्या जुन्या रूपाची, जे उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराने २०१७ मध्येच सोडून दिले. सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, चालू-बंद करायच्या प्रकरणात ते काम सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे नावही नाही. उबुंटूत ते २०१५ पासून आहे. नेटवर्कसाठी शिकवली होती फक्त 'आयएफकॉन्फिग'. आज नव्याने बसवलेल्या उबुंटूवर ही कमांड टाइप केली तर कमांड सापडली नाही, असे उत्तर मिळते, कारण ती ज्या पॅकेजमधून येते ते आता आपोआप बसत नाही. तिचे काम 'आयपी' ही कमांड करते. पुस्तक हातात धरून बसलेल्या पोराला हे कुठून ठाऊक? आपल्यालाच जमत नाही, असे समजून ते उठून जाते.

म्हणून जुने ते सगळे टाकाऊ, असे मात्र नाही. फाइल, डिरेक्टरी, परवानग्या, एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणारा पाइप, या गोष्टी फारशा बदलत नाहीत. पाइप युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनले त्या जुन्या सिस्टीममध्ये, १९७३ साली आला आणि आजही तसाच चालतो. शेलवरचे, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरचे, दहा-बारा वर्षांपूर्वीचे चांगले पुस्तक मी निःशंक घेईन. विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' तर त्यांच्याच साइटवरून फुकट उतरवता येते. इंग्रजी साधे आहे, बारावीच्या मुलाला झेपते. याउलट इन्स्टॉलेशन, नेटवर्क, सॉफ्टवेअर बसवणे यांवरचे पुस्तक भाजीसारखे ताजेच घ्यावे. खरे तर त्यावर पैसेच घालू नयेत. आपण टाकलेल्या लिनक्सच्या आवृत्तीचे अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचावे. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. छापील पुस्तक त्या वेगाने कसे धावणार?

वेबसाइटचे दुखणे निराळे. तिथे वर 'अपडेटेड' म्हणून कालची तारीख लावायला कोणाची हरकत नसते, खाली मजकूर दशकभरापूर्वीचा. मी तारखेपेक्षा दुसरीच गोष्ट पाहतो: कमांड देताना तिच्यातला प्रत्येक तुकडा काय करतो, हे सांगितले आहे का? फाइल उघडत नाही, अशी तक्रार केली की 'सुडो सीएचमॉड -आर ७७७' चालवा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने ('सुडो') सगळ्या परवानग्या सगळ्यांना खुल्या करा, असा तोडगा ठिकठिकाणी सापडतो. तक्रार लगेच मिटते, म्हणून लोक खूश. पण त्या फोल्डरमधले सगळे आता कोणालाही बदलता येते, हे कोणी सांगत नाही. हाच प्रयोग सिस्टीमच्या सेटिंग ठेवणाऱ्या 'इटीसी' फोल्डरवर केला तर पुढे 'सुडो'च चालायला नकार देते, आणि ज्या हत्याराने दुरुस्ती करायची तेच हातातून जाते. असा उपाय कारण न सांगता देणारी साइट गुगलवर पहिली आली तरी मी ती मुलांना दाखवत नाही. कमांड चालवण्याआधी तिची माहिती देणारे 'मॅन' पान उघडा, असे सांगणारी दाखवतो. ते पान आपल्याच संगणकात, आपल्याच आवृत्तीचे असते आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

मराठीत शिकायचे तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहे. त्यातले लिनक्सचे बरेच पाठ जुन्या उबुंटूवर केलेले आहेत, पण हे ट्युटोरियल उबुंटूच्या अमुक आवृत्तीवर तयार केले आहे, असे सुरुवातीलाच सांगतात. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. पाहणाऱ्याला आधीच कळते की कमांड तीच असेल, पडदा वेगळा दिसेल. आमच्या मराठी प्रकाशकांना मुखपृष्ठावर 'संपूर्ण' आणि 'सोप्या भाषेत' छापायला जागा मिळते, सिस्टीमच्या आवृत्तीचा आकडा छापायला का मिळू नये?

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणाखाली प्रकाशक, पृष्ठे आणि मूल्य अशी ओळ असते. संगणकाच्या पुस्तकांपुरती तिच्यात भर घालावी, ही विनंती: पुस्तक कोणत्या सिस्टीमच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिले आहे आणि मजकूर शेवटचा कधी सुधारला. आमची ग्रंथखरेदी मार्चअखेरच्या घाईत उरकली जाते. त्याआधी ही ओळ छापायला लागलात, तर यंदाच्या यादीलाच उपयोग होईल.

आपला,
एक ग्रंथपाल
सातारा जिल्हा