छेद विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तालुका आरोग्य अधिकारी, क्षयरोग विभागातले सहकारी, पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) निवासी डॉक्टर असे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. आकडे आमच्याकडे रोज जमतात. मासिक अहवाल, निक्षय (क्षयरुग्णांच्या नोंदीचं पोर्टल), एचएमआयएस (आरोग्यसेवांच्या आकडेवारीचं पोर्टल), कशाला तोटा नाही. पण अहवाल भरणं वेगळं आणि जर्नलला पाठवण्याजोगा लेख लिहिणं वेगळं, आणि हे दुसरं काम सहसा कुणी हाताला धरून शिकवत नाही. तुम्ही शिकवलंत, तेही सुट्टीच्या दिवशी, मसुद्याच्या ओळीओळीवर टिपा लिहून. नुसतं 'खूप शिकायला मिळालं' असं लिहिलं तर तुम्हीच समासात 'म्हणजे नेमकं काय?' असं विचाराल. म्हणून नेमकं लिहितो.

तुमचा पहिला हट्ट रिकाम्या तक्त्यांचा. प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे) जाण्याआधीच लेखातले सगळे तक्ते आखून ठेवायचे. मथळा, ओळी, रकाने तयार, फक्त आकड्यांच्या जागा मोकळ्या. चार-पाच तक्ते एका लेखाला पुरतात. ते आखायला बसलं की कळतं, प्रश्नावलीतले कितीतरी प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत आणि जो हवा तो प्रश्न विचारलेलाच नाही. 'उपचार सुरू व्हायला लागलेले दिवस' असा रकाना हवा असेल तर लक्षणं सुरू झाल्याची आणि गोळ्या सुरू झाल्याची, अशा दोन तारखा लागतात. प्रश्नावलीत मात्र 'उशीर झाला का? हो/नाही' एवढंच असतं. माहिती गोळा करून झाल्यावर हे ध्यानात आलं तर त्यावर इलाज नाही.

मग छेद. मसुद्यात टक्का दिसला की समासात तुमचा एकच शब्द: 'छेद?' समजा, एका तालुक्यात ४१२ क्षयरुग्णांची नोंद झाली, त्यांतल्या ३८० जणांची साखर तपासली आणि ५७ जणांना मधुमेह निघाला. ५७ भागिले ३८० म्हणजे १५ टक्के. पण ४१२ने भागलं तर १३.८ येतात, कारण न तपासलेले ३२ जण गुपचूप 'मधुमेह नाही'त जाऊन बसले. तपासणी किती जणांपर्यंत पोचली हे सांगताना मात्र छेद ४१२च हवा, म्हणजे ९२.२ टक्के. दोन प्रश्न, दोन छेद, आणि दोन्ही वाक्यातच लिहायचे. पुढे ते ३२ कोण, हेही सांगायचं. खासगी डॉक्टरांकडचे? की उपचार सुरू होताच दगावलेले? त्यांच्यात मधुमेह जास्त असेल तर १५ टक्केसुद्धा कमीच भरतात. म्हणूनच तुमच्याकडे पहिली आकृती नेहमी फ्लो चार्टची: नोंदलेले, पात्र, वगळलेले आणि का वगळले, तपासलेले, विश्लेषणात घेतलेले. चौकटींची बेरीज जुळेपर्यंत तुम्ही पुढचं पान उलटत नाही.

नमुन्याचा आकार, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची, हा दुसरा दुखरा भाग. चार पीक्यू भागिले एल वर्ग (पी म्हणजे अंदाजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, एल म्हणजे ग्राह्य चूक) हे सूत्र पीएसएम शिकलेल्या कुणालाही झोपेत येतं. प्रमाण ५० टक्के, ग्राह्य चूक ५ टक्के, उत्तर ४००. घोळ होतो तो प्रमाण लहान असताना. अंदाजे १० टक्के लोकांत सापडणारी गोष्ट मोजायची आणि चूक तीच ५ टक्के धरायची, तर १४४ माणसं पुरतात. पण मग उत्तर '५ ते १५ टक्के' असं येतं आणि त्यावर कुठलाही कार्यक्रम आखता येत नाही. चूक प्रमाणाच्या २० टक्के, म्हणजे २ टक्के धरली की ९०० माणसं लागतात. बऱ्याच प्रबंधांत १४४वाला आकडा का दिसतो, हे सांगायला नकोच. आधी गावं आणि मग घरं निवडली असतील तर डिझाइन इफेक्टने (एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून नमुना वाढवणाऱ्या गुणकाने) गुणायचं. १० टक्के लोक प्रतिसाद देणार नाहीत असं धरलं तर ०.९ने भागायचं. वर १० टक्के मिळवायचे नाहीत. ४००चे ४४५ होतात, ४४० नव्हे. फरक पाचाचाच, पण रिव्ह्यूअर (जर्नलसाठी लेख तपासणारा तज्ज्ञ) त्यावरून बाकीचं गणित जोखतो.

क्रॉस सेक्शनल (एकाच वेळी मोजणी करणाऱ्या) अभ्यासात लॉजिस्टिक रिग्रेशन हे सांख्यिकी गणित चालवून ऑड्स रेशो छापायची आपल्याकडे रीतच पडली आहे. एका गटात ६० टक्के बाळांना वेळेवर लस मिळाली, दुसऱ्यात ४० टक्के. सरळ दीडपट. ऑड्स रेशो (प्रत्येक गटात मिळालेले भागिले न मिळालेले, आणि त्या दोन भागाकारांचं गुणोत्तर) मात्र २.२५ निघतो आणि डिस्कशनमध्ये 'सव्वादोन पट' असं वाक्य पडतं. घटना विरळ असेल तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. लसीकरण, रक्तक्षय अशा सर्रास दिसणाऱ्या गोष्टींत ते फाकतात. तिथे प्रिव्हॅलन्स रेशो (दोन टक्क्यांचं सरळ गुणोत्तर) द्यावा आणि त्यासाठी रोबस्ट व्हेरियन्ससह पॉयसन रिग्रेशन वापरावं, हे तुम्ही एकाच तक्त्यावर दोन्ही गणितं शेजारी मांडून दाखवलंत. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमधून पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००० अशी जशीच्या तशी उतरवलेली दिसली की तुमची लाल खूण ठरलेली: ०.००१पेक्षा कमी असं लिहा, आणि पी-व्हॅल्यूच्या आधी कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा तो पल्ला) द्या.

लिहिण्याचा क्रमही तुम्ही उलटा लावून दिलात. आधी मेथड्स, मग तक्ते, त्यावरून रिझल्ट्स, नंतर डिस्कशन, मग इंट्रोडक्शन, आणि ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. इंट्रोडक्शन तीन-चार परिच्छेदांचं: काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते माहीत नसल्याने काय अडतं, आणि आम्ही काय शोधलं. 'क्षयरोग ही जागतिक समस्या आहे' अशी सुरुवात तुम्ही न वाचताच खोडता. (क्षयरोगाच्या जर्नलच्या संपादकाला ते कळलेलं असतं.) डिस्कशन लिहिण्याआधी मुख्य निष्कर्ष आशाताईंना समजेल असा मराठीत दोन वाक्यांत सांगून दाखवायचा, ही अट अनेकांना आधी पोरकट वाटते. पण ज्यांना ती दोन वाक्यं जमत नाहीत, त्यांच्या लेखात निष्कर्षच ठरलेला नसतो.

मर्यादा लिहिताना 'नमुना लहान होता' एवढ्यावर सुटका नाही. प्रत्येक मर्यादेने आकडा कुठल्या बाजूला झुकला असेल, हे लिहायला लावता. माहिती विचारून घेतली असेल तर तंबाखूचं प्रमाण खरं आहे त्यापेक्षा कमीच येणार. मग तसं स्पष्ट म्हणायचं. शेवटी स्ट्रोबचे (निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखासाठीच्या तपासयादीचे) २२ मुद्दे पानांच्या क्रमांकासह भरायचे. जर्नल मागो न मागो.

एथिक्सबद्दल एकच गोष्ट, पण तीच जास्त वेळा अडते. नोंदवहीतली जुनी माहिती वापरली म्हणून परवानगी लागत नाही, हे संशोधकाने ठरवायचं नसतं. सूट द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी ठरवते, आणि तेही काम सुरू होण्याआधी. अभ्यास उरकल्यावर मागितलेली मंजुरी चालत नाही. कार्यक्रमाचा डेटा वापरायची प्रशासकीय परवानगी हा पुन्हा वेगळा कागद.

लेखकांच्या नावांवर तुम्ही कुणाचीच भीड ठेवली नाहीत. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) चार अटी, चारही पाळल्या तरच नाव: आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दुरुस्त्या करणं, अंतिम प्रतीला संमती, आणि पूर्ण लेखाची जबाबदारी. खुर्ची ही पाचवी अट नाही. परवानगी देणाऱ्या साहेबांचे आभार ॲक्नॉलेजमेंटमध्ये मानावेत, त्यांना विचारून. आणि नावांचा क्रम प्रोटोकॉलच्या वेळीच कागदावर घ्यायचा, कारण लेख स्वीकारला गेल्यावर तो विषय काढला की मैत्री तुटते.

जर्नल निवडताना ईमेलमध्ये 'आदरणीय प्रोफेसर' म्हणणाऱ्यांपासून दूर राहायचं, हे आता बहुतेकांना कळतं. पण आयएसएसएन म्हणजे केवळ नोंदणी क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. गूगल स्कॉलरवर दिसणं म्हणजे इंडेक्सिंग (पारखून केलेल्या सूचीत समावेश) नव्हे. आणि पबमेड या शोधसंग्रहात सापडणारं प्रत्येक जर्नल मेडलाइन या त्यातल्या निवडक सूचीत असतंच असं नाही. हे तीन फरक अजूनही भल्याभल्यांना चकवतात. जर्नलने स्वतःच्या वेबसाइटवर केलेला दावा जर्नलकडे न तपासता एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये किंवा डीओएजेत (मुक्तपणे वाचता येणाऱ्या जर्नलांच्या सूचीत) जाऊन पाहायचा. शिवाय त्याच जर्नलचे गेल्या वर्षभरातले अंक चाळायचे. आपल्यासारखा एकही लेख तिथे नसेल तर रिव्ह्यूपर्यंत न जाताच परत येण्याची तयारी ठेवायची.

रिव्ह्यूअरला उत्तर कसं द्यावं, हे तर तुमचं खास. प्रत्येक शेरा जसाच्या तसा, खाली उत्तर, त्याखाली बदललेलं वाक्य, पान आणि ओळ. 'दुरुस्ती केली आहे' एवढं चालत नाही, रिव्ह्यूअरने ती शोधत बसायची का? शेरा पटला नाही तर कारण देऊन तसं म्हणायचं, नमतं घेऊन चुकीचं विश्लेषण घालायचं नाही. आणि उत्तर शेरा वाचला त्याच रात्री पाठवायचं नाही.

रिकाम्या तक्त्यांचा आणि उत्तरपत्राचा तुमचा नमुना आम्ही नव्या निवासी डॉक्टरांना देत असतो. एक मागणं मात्र राहिलंय. मुलाखती आणि गटचर्चांवरच्या लेखांसाठी असा नमुना आमच्यापाशी नाही. कोरेक्यू या अशा लेखांच्या तपासयादीचे ३२ मुद्दे आहेत, पण मुलाखतीतले उतारे रिझल्ट्समध्ये किती घ्यायचे आणि कुठे थांबायचं, ते त्यात कळत नाही. सवड झाली की एखादा मसुदा तुमच्या लाल टिपांसकट पाठवाल का?

आपले,
तुमच्या टिपांवर वाढलेले सगळे