पर्यटकाचं भाडं गोवेकराच्या माथी का?

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

जोडून सुटी आली की आपल्या पुण्याची माणसं गोव्यात येतात. येऊ देत, अर्ध्या गोव्याची चूल त्यावर पेटते. पण त्याच दिवसांत आमच्यापैकी कुणाला तातडीने मुंबई गाठायची झाली, तर आम्हालाही हौसेच्या प्रवासाचं भाडं मोजावं लागतं. तक्रार एवढीच आहे.

नाताळच्या आठवड्यात शेजारच्या काकींना परळला टाटा हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. कोकणकन्येला वेटिंग, मांडवीला वेटिंग. रात्रभर बसमध्ये बसण्याची त्यांची अवस्था नव्हती. मुलाने मोबाइलवर विमान पाहिलं. दुपारी एक दर, घरात विचारून संध्याकाळी पाहतो तर दुसरा. एकाऐवजी दोन प्रवासी टाकले, तर माणशी दर आणखी वर!

यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. एकाच विमानातल्या जागांचे दरगट पाडलेले असतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. स्वस्त गटात एकच जागा उरली असेल आणि तुम्ही दोन मागितल्या, तर बहुतेक वेळा दोन्ही वरच्या दराने मिळतात. म्हणून जाणकार आधी एकेकट्याचा दर बघतात. 'लवकर बुक करा' हा सल्लाही आम्हाला पाठ आहे. पण आजारपण आणि मयत महिनाभर आधी कळवून येत नाहीत.

1994 पासून दर बाजारावर सोडलेले आहेत, हे मान्य. तरी मे 2020 ते ऑगस्ट 2022 सरकारने भाड्याला मर्यादा घातली होतीच. डिसेंबर 2025 मध्ये उड्डाणांचा गोंधळ झाला, तेव्हा 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपयांची मर्यादा आपल्याच मंत्रालयाने ठरवली. मुंबई-गोवा हवाई अंतर त्याच्या आतलं. म्हणजे ठरवलं तर जमतं.

वर्षभर सगळ्यांचेच दर बांधा, असं मागणं नाही. तसं केलं तर कंपन्या फेऱ्या कमी करतील आणि आम्ही आणखी अडकू. मागणं असं की प्रत्येक विमानात थोड्या जागा विमान सुटण्याच्या 48 तास आधीपर्यंत ठरल्या दराला राखून ठेवाव्यात आणि त्या हॉस्पिटलचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला दाखवणाऱ्या स्थानिकाला द्याव्यात. न गेलेल्या जागा मग खुशाल बाजारभावाने विकाव्यात. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेत निम्म्या जागा ठरल्या दराला देण्याची पद्धत 2017 पासून आहे, तेव्हा कल्पना काही नवी नाही. फरक इतकाच की तिथे सरकार कंपनीची तूट भरून देतं. मुंबई-गोवा मार्गावर, मोप आणि दाबोळी अशा दोन विमानतळांवर विमानं भरून उतरत असताना, तशी गरज पडू नये.

विमान इंधन जीएसटीत आणा, ही मागणी जुनीच आहे. आज त्यावर राज्याचा व्हॅट बसतो आणि कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला हा कर तिला आपल्या जीएसटीतून वजा करता येत नाही. जीएसटी परिषदेत गोव्यालाही मत आहे, ते आमच्या सरकारने वापरावं. पण खर्च उतरला म्हणून ऐन डिसेंबरात तिकीट उतरेल, यावर माझा विश्वास नाही. गर्दीच्या दिवसांत दर ठरतो तो गिऱ्हाइकाच्या गरजेवर.

(मोपला उतरून काणकोणला जायचं तर टॅक्सीचं भाडं ऐकून विमानच स्वस्त वाटतं. ते पणजीत राज्य सरकारला विचारू.)

रेल्वे आपल्याकडे नाही, तरी संबंधितांच्या कानावर घाला. मुंबई-मडगाव वंदे भारत पावसाळ्यात आठवड्याला तीनच दिवस धावते आणि चवथ (गणेशचतुर्थी) नेमकी त्याच दिवसांत येते. गाडीत जागा मिळाली असती, तर काकींच्या मुलाने विमानाकडे पाहिलंही नसतं.

एका मार्गावर, एका हंगामापुरता हा प्रयोग करून पाहावा. मुंबई-गोव्यापासूनच सुरुवात करा, कागदपत्रं तपासायला आमच्या पंचायती आणि गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आहेतच. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
डिचोलीचा एक प्रवासी