मांजरपाट, माशा आणि एल्कचं मांस

डेन्व्हर, कोलोरॅडो

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्याकडे शिकारीच्या मांसासाठी खास पिशव्या मिळतात म्हणे, त्यांचं कापड कसलं असतं?" तेव्हा मी गाडी चालवत होतो, काहीतरी थातूरमातूर सांगून सुटलो. पण इचलकरंजीत माग चालवणाऱ्या माणसाने कापडाबद्दल विचारल्यावर तेवढ्याने भागत नाही. नमुना विणून बघायचं तुझ्या डोक्यात आहे, असंही वहिनींकडून कळलं. म्हणून हे लांबलचक पत्र.

मुळात पिशवी लागते कशाला? इथे एल्क म्हणून हरणांच्या कुळातलं धिप्पाड जनावर आहे. नर ३०० किलोच्या आसपास भरतो. धनुष्यबाणाने शिकार करायचा हंगाम सप्टेंबरात असतो. तेव्हा डोंगरात पहाटे दव गोठतं आणि दुपारी जाकीट कमरेला बांधून चालावं लागतं. मी जातो त्या फ्लॅट टॉप्सच्या रानाला १९६४ चा वाइल्डरनेस कायदा, म्हणजे रानं अस्पर्श ठेवण्याचा कायदा, लागू आहे. तिथे मोटार सोडच, हाताने ढकलायची दोन चाकी गाडीसुद्धा न्यायची नाही. घोडा नाहीतर स्वतःची पाठ. म्हणून जनावर पडलं की जागेवरच सोलायचं, चार फरे, म्हणजे पुढचे-मागचे पाय वरच्या मांसासकट, सुटे करायचे, पाठीच्या कण्यालगतच्या लांब पट्ट्या आणि आतलं मऊ मांस काढायचं आणि फेऱ्या मारत सगळं गाडीपर्यंत आणायचं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे हा खटाटोप तू-मी कुणीच घरात पाहिलेला नाही.

पहिला फरा पाठीवर घेऊन मी निघालो की बाकीचे झाडाला टांगलेले राहतात, कित्येकदा दुसऱ्या दिवसापर्यंत. तोवर त्यांची राखण पिशवी करते. लोकांना वाटतं, पिशवी मांस उचलायला असते. उचलणं हे तिचं दुय्यम काम. आतली ऊब आणि ओल बाहेर जाऊ द्यायची आणि बाहेरची माशी आत येऊ द्यायची नाही, हे मुख्य. ४ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. जनावराच्या अंगात आपल्यासारखीच ऊब असते, आणि मागच्या फऱ्यात खुब्याच्या सांध्यापाशी ती तासन्‌तास कोंडून राहते. वरून मांस लालबुंद दिसतं आणि हाडापाशी आंबलेलं निघतं. वारा लागून मांसाच्या वर कोरडा पापुद्रा धरला की अर्धी लढाई जिंकली. असा पापुद्रा धरू देईल ती पिशवी चांगली.

म्हणून प्लास्टिकचं नाव काढायचं नाही. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गरम मांस भरलं की आतल्या आत वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि त्या पाण्यात मांस भिजत पडतं. शिवाय असल्या काही पिशव्यांना सुगंध लावलेला असतो, तो वेगळाच. प्लास्टिकचा उपयोग एवढाच, की फरा पाठीवर असेपर्यंत सॅकला रक्त लागू नये म्हणून आत अस्तरासारखं घालायचं आणि पोचल्या पोचल्या काढून टाकायचं.

आता तुझ्या विषयाकडे येतो. इथल्या दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते ती होजियरीसारखी विणलेली जाळीदार नळी. ताणली जाते, कशावरही चढते, म्हणून नवखे तीच उचलतात. पण ताणली की भोकं उघडतात. माशी बाहेर बसूनच भोकातून अंडी घालते, आणि ऊन असेल तर दिवसभरात अळ्या. असलं काही तू बनवू नकोस, हात जोडून सांगतो.

दुसरी सुती, म्हणजे आपलं जाडंभरडं मांजरपाटच समज. मला मनापासून आवडते. हवा खेळते, रक्त टिपून घेते, पापुद्रा लवकर धरतो, आणि फांदीला घासली तरी सहज फाटत नाही. दोष दोनच, वजन आणि ओल. पावसात भिजली की वाळता वाळत नाही, आणि सहा पिशव्या पाठीवर वागवायच्या म्हटलं की चढावर आजी आठवते. तळावर घोडे असतील किंवा गाडी जवळ असेल तर मात्र हिच्यासारखी नाही. काटकसरी लोक जुन्या बाजारातून उशीचे अभ्रे आणतात. लहान हरणाला ते चालतात, पण एल्कचा मागचा फरा अभ्र्यात मावत नाही.

तिसरी नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या घट्ट विणीची. पाच पिशव्यांचा संच अर्ध्या-पाऊण किलोत बसतो, धुतला की तासाभरात वाळतो, वर्षानुवर्षं टिकतो. रक्त टिपत नाही ही तिची उणीव. मी पाठीवर हीच नेतो आणि तळावर सुती ठेवतो. दोन्हींचे कट्टर भक्त इथे आहेत आणि त्यांची भांडणं ऐकण्यासारखी असतात.

तुझ्या रीड-पिकच्या, म्हणजे इंचात उभे-आडवे धागे किती या, हिशेबात मी पडत नाही, तो तुझा प्रांत. मी फक्त गरज सांगतो. वीण एवढी दाट हवी की माशीची अंडी आत जाऊ नयेत, पण तोंडाला धरून फुंकलं तर फुंकर पलीकडे जाणवली पाहिजे. ताण्याची खळ, म्हणजे विणण्याआधी उभ्या धाग्यांना लावलेली कांजी, पूर्ण काढलेली हवी. खळीचं कापड आधी टिपत नाही आणि मग ओलीने त्यावर बुरशी येते. एल्कच्या हाडासकट फऱ्याला साधारण अर्धा मीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब पिशवी लागेल. ती सैलच हवी, कारण कापड मांसाला तट्ट चिकटलं की नेमकी तिथेच माशी डाव साधते. अलास्कात काही भागांत मूसचं, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणाचं, मांस रानातून हाडासकटच आणायचा नियम आहे, तिथे याहून मोठी लागते. हाड काढून मांस आणायचं असेल तर उलट लहान पिशव्या जास्त हव्यात. मोठ्या पिशवीत सुटं मांस भरलं की त्याचा गोळा होतो आणि मधली ऊब निघत नाही.

शिवण दुहेरी घाल आणि टांगायचा बंद थेट शिवणीत घे, त्याने पंचवीस-तीस किलो तोलले पाहिजेत. तोंडाला नाडी. रंग पांढरा नको. पांढऱ्यावर माशीची पांढरी अंडी दिसत नाहीत, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात झाड शोधताना भडक रंग बरा पडतो. आणि एक कापडी पट्टी शिव, त्यावर नाव आणि परवान्याचा नंबर लिहिता येतो. ही पट्टी बऱ्याच पिशव्यांना का नसते, हे मला कधी कळलेलं नाही.

ती का हवी तेही सांगतो. इथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो पहिल्यांदा दिसला तो आमच्या याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला, १९६७ मध्ये. जनावराचा नमुना तपासायला देता येतो आणि अहवाल येईपर्यंत कुठलं मांस कुठल्या जनावराचं हे वेगळं ठेवावं लागतं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी जनावर खाऊ नका असंच सांगतात. त्याला कारण असलेलं प्रथिन नेहमीच्या धुण्याने जात नाही, म्हणून तसा अहवाल आला तर मांसाबरोबर पिशवीही टाकायची असं मी ठरवून ठेवलंय.

टांगताना उत्तरेच्या उताराची सावली बघायची, ओढ्याकाठी असेल तर उत्तम, कारण थंड हवा खाली उतरून तिथे साचते. दोन फरे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. वरून सायट्रिक ॲसिडचं पाणी फवारतो. ढोकळ्यासाठी इंडियन दुकानातून आणलेलंच, हिला माहीत आहे. आंबटपणामुळे जंतूंना थोडा आळा बसतो. अस्वलांमुळे मांस तंबूपासून लांब टांगतो आणि सकाळी तिकडे जाताना मोठमोठ्याने बोलत जातो. माझ्या गाण्याचा तेवढा एकच उपयोग, असं ही म्हणते.

घरी आल्यावर पिशव्या आधी गार पाण्यात बुडवायच्या. गरम पाणी घातलं की रक्त धाग्यात पक्कं बसतं. दोन-तीनदा पाणी बदललं की बहुतेक निघतं, उरलेल्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साइड. मग बिनवासाचा साबण. कपडे मऊ करणारं ते गुलाबी द्रव्य अजिबात नको, ते धाग्यावर थर धरतं आणि वास पुढच्या मांसाला लागतो. ब्लीचने धागा मरतो, हे तुला मी काय सांगणार. आमच्या वॉशिंग मशीनपाशी मला मज्जाव आहे, सगळं गॅरेजमध्ये बादलीत चालतं. मग कडक उन्हात वाळवायच्या, उजेडासमोर धरून भोकं बघायची, रफू करायचं आणि कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायच्या. डाग राहिला तर राहू दे. वास राहिला तर ती पिशवी बाद.

नमुन्याला दोन जाडीचं कापड पाठव, प्रत्येकी तीन-चार मीटर. शिवून मी इथे घेतो. सप्टेंबरच्या आत पोचलं तर याच हंगामात टांगून बघता येईल. कुरियरचे पैसे मी देणार, त्यावर वाद घालू नकोस. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पम्या